नाटकाच्या पहिल्या अंकातील दिव्याचा बदल दुसऱ्या अंकात जातो; ब्लॉक केल्याने तो थांबेल का?

होय, दुसऱ्या अंकाचा पहिला क्यू (दिव्यांच्या एका स्थितीची साठवलेली नोंद) ब्लॉक केल्यास तो बदल तिथेच अडतो. ट्रॅकिंग कन्सोल, म्हणजे मागची मूल्ये पुढे नेणारा दिव्यांचा नियंत्रक, प्रत्येक क्यूमध्ये केवळ बदललेली मूल्ये नोंदवतो; त्यामुळे क्यू ५ मध्ये पडद्यावरचा निळा दिवा ४० टक्क्यांवर नेऊन पुढे त्याला आदेशच दिला नाही, तर क्यू २० मध्येही तो ४० वरच राहतो. ब्लॉक हे मागून आलेले मूल्य त्या क्यूची स्वतःची नोंद बनवतो. रंगमंचावर मात्र त्या क्षणी काहीच बदललेले दिसत नाही. बेळगाव-खानापूरकडच्या हौशी नाटकांचे दिवे सांभाळताना मी अंकारंभ आणि अंधार एवढेच ब्लॉक करतो, कारण सरसकट ब्लॉक केल्यास समोरचा एक दिवा मंद करण्यासाठीही प्रत्येक क्यू उघडावा लागतो.