एकेक वाक्य बरोबर, तरी परिच्छेद विस्कळीत का वाटतो?

तुम्ही म्हणता, वाक्यं चुकत नाहीत, तरी सर ‘विस्कळीत’ असा शेरा मारतात. मग दोष वाक्यांत नाही, त्यांच्या आपसातल्या नात्यात आहे.

हे बघा: ‘रायगडाचे कडे ताशीव आहेत. १६७४ साली इथे शिवराज्याभिषेक झाला. आता रोपवेही आहे. समुद्र इथून फार लांब नाही.’ चारही वाक्यं खरी, पण सांगायचंय काय? समजा, सांगायचंय ते हे की राजधानीसाठी हीच जागा का. मग रोपवे बाहेर. आवडतं वाक्य कापायला जिवावर येतं, पण कापायचंच. उरलेलं असं जुळवता येईल: ‘राजधानीसाठी रायगड सोयीचा होता. त्याचे कडे इतके ताशीव, की शत्रूला वर येणं महाकठीण. शिवाय समुद्रही फार लांब नाही. याच गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला.’

‘त्याचे’, ‘शिवाय’, ‘याच’ हे छोटे शब्द मागच्या वाक्याचं बोट धरून चालतात. पण म्हणून ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ दर ओळीत पेरू नका हं. मुळात नातंच नसेल तर ते उगाच चिकटवल्यासारखे दिसतात.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा. अडखळलात तर तिथली दोन वाक्यं उलटसुलट करून बघा. परिच्छेद कुठे संपवायचा, यासाठी ओळी मोजत बसू नका. मुद्दा बदलला की परिच्छेद बदला.