काखेतला जादा स्नायू

प्रश्न : माझे वय 34 आहे आणि निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मण्यांच्या विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली हात वर करून काम केले की उजवा हात जड होतो व बोटांना मुंग्या येतात. काखेत गाठीसारखे लागले म्हणून नाशिकला सोनोग्राफी केली; गाठ नसून जन्मजात जादा स्नायू आहे, असे कळले. तो काढावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. पाठीच्या रुंद स्नायूपासून निघून काखेतून आडवी जाणारी व छातीच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) मिळणारी ही पट्टी लँगरची कमान म्हणून ओळखली जाते. ऑस्ट्रियाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी 1846 मध्ये तिचे वर्णन केले. 100 पैकी साधारण 5 ते 7 जणांत ती आढळते आणि बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. माशी बसताच गाईची कातडी ज्या स्नायूने थरथरते, त्याचाच हा उरलेला अंश असावा, असे अनेक शरीररचनातज्ज्ञ मानतात.

ही पट्टी हाताच्या मुख्य रक्तवाहिन्या आणि नसांचे जाळे यांच्या पुढून जात असल्यामुळे, हात वर धरल्यावर त्यांच्यावर दाब येऊ शकतो. तुमचा त्रास नेमका त्याच स्थितीत होतो, म्हणून शंका रास्त आहे. तरीही सोनोग्राफीत स्नायू दिसला एवढ्यावरून सारा दोष त्याच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण मुंग्या येण्यामागे मानेचे मणके किंवा मनगटात दबलेली नस ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. आधी मान व मनगट तपासून घ्यावे, नसांची चाचणी करावी आणि हात वर ठेवून डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावे. दाब याच पट्टीचा ठरला आणि त्रास हटेना, तर ती छेदता येते. त्याने हाताची ताकद सहसा कमी होत नाही. तोवर उंच स्टुलावर उभे राहून, हात खांद्याच्या खाली ठेवून विरळणी करावी. मात्र हात अचानक सुजला किंवा निळसर पडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

हा रिपोर्ट जपून ठेवावा. पुढे कधी स्तनाची वा काखेची शस्त्रक्रिया करावी लागली, तर तो शल्यचिकित्सकांना आधी दाखवावा. काही लसिकाग्रंथी या पट्टीच्या आड राहतात आणि ती आहे हे ठाऊक नसेल, तर त्या काढायच्या राहून जाऊ शकतात.