आकाश-गजाली: शुक्रावर कुणी गेलंच नाही का?

प्रश्न: सर, आम्ही हरमलला राहतो. संध्याकाळी दर्यात सूर्य बुडाला की तिथेच वर एक मोठ्ठी चांदणी दिसते, टुरिस्ट लोक ड्रोन समजून व्हिडिओ काढतात. मी मुलीला म्हटलं ही शुक्राची चांदणी, तर ती म्हणते शुक्र मंगळापेक्षा जवळ आहे ना, मग सगळी यानं मंगळावरच का जातात, शुक्रावर कुणी गेलंच नाही का? आणि शुक्र म्हणजे शुक्राचार्य, मग चांदणी कशी काय? (एक आई, हरमल, पेडणे)

उत्तर: ताई, अंतराचं तुमच्या मुलीचं एकदम बरोबर. शुक्र जवळ येतो तेव्हा 4 कोटी किलोमीटरवर असतो, मंगळ कितीही जवळ आला तरी साडेपाच कोटींच्या आसपासच. पण कुणी गेलं नाही असं नाही हां, उलट सगळे आधी तिकडेच धावले! दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन माहिती पाठवणारं पहिलं यान शुक्राकडेच गेलेलं, अमेरिकेचं मरिनर 2, डिसेंबर 1962 मध्ये.

गोची आहे ती ढगांची. ही चांदणी एवढी चमकते कारण तिच्यावरचे दाट ढग सूर्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश उजेड परत फेकतात, आणि तेच ढग खालचं काही म्हणजे काही दिसू देत नाहीत. गॅलिलिओला 1610 मध्ये शुक्राच्या कला दिसल्या, चंद्रासारख्या, त्यावरून तो सूर्याभोवती फिरतो हे कळलं, पण पुढं साडेतीनशे वर्षं दुर्बिणी मोठ्या होत गेल्या तरी दिसायचं काय तर पांढरा गोळा. मग लोकांनी अंदाज बांधले. ढग आहेत म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे दलदल आणि रान! अऱ्हेनियससारखा नोबेल मिळालेला माणूससुद्धा 1918 मध्ये शुक्र ओलाचिंब आहे असंच लिहून गेला, म्हणजे जुलैतला आपला सत्तरी तालुकाच म्हणा ना.

1956 मध्ये रेडिओ दुर्बिणींनी तापमान मोजलं तर आकडा 300 अंशांच्या वर, मरिनरनंही तेच सांगितलं, तरी पाण्याची आशा काही सुटेना. सोव्हिएत लोकांनी 1967 मध्ये व्हेनेरा 4 पाठवलं तेव्हा ते समुद्रात पडलं तर काय म्हणून त्यात चक्क साखरेचं कुलूप बसवलेलं, पाण्यात विरघळलं की अँटेना सुटणार! मला हा किस्सा भारी आवडतो. पाणी कुठलं, जमिनीवर पोचायच्या आधीच यान गप्प झालं, पण हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइडची आहे हे तेवढ्यात सांगून गेलं. हा गॅस उष्णता बाहेर जाऊच देत नाही, दुपारी काचा बंद करून पार्क केलेल्या गाडीत होतं तसं.

शेवटी 15 डिसेंबर 1970 ला व्हेनेरा 7 खाली पोचलं, पॅराशूटनं दगा दिला, यान बहुतेक आडवंच पडलं, तरी 23 मिनिटं बारीकसा सिग्नल येत राहिला. दुसऱ्या ग्रहावर उतरून तिथून आलेला तो पहिला सिग्नल. जमिनीवर तापमान 460 अंशांच्या वर, शिसं वितळेल एवढं, आणि हवेचा दाब आपल्या नव्वदपट, म्हणजे समुद्रात 900 मीटर खाली गेल्यासारखं. 1982 मध्ये व्हेनेरा 13 त्यात 127 मिनिटं टिकलं, रंगीत फोटो पाठवले. तिथला रेकॉर्ड अजून तोच! त्याचं जोडीदार व्हेनेरा 14, त्याच्या कॅमेऱ्याचं झाकण उडून नेमकं जिथं माती तपासायची तिथंच पडलं, आणि यंत्राच्या हातानं मातीऐवजी झाकणच तपासलं. एवढ्या लांब जाऊन!

आता मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हर 14 वर्षं चालला, मग पैसे कुठं घालणार तुम्हीच सांगा. तरी काम बंद नाही पडलं, 1990 ते 94 मध्ये अमेरिकेच्या मॅगेलन यानानं रडारनं ढगांच्या आरपार बघून 98 टक्के पृष्ठभागाचा नकाशा केला, आणि आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेलाही सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, ते यान मार्च 2028 मध्ये सोडायचं ठरलंय, उतरणार नाही, वरूनच फिरत बघणार.

आता शुक्राचार्य. आपल्याकडे तो असुरांचा गुरू, म्हणजे पुरुष, पण चांदणी म्हटलं की बाई, आपण दोन्ही चालवून घेतो. युरोपात तो व्हीनस देवी, म्हणून तिथल्या जागांना बायकांची नावं द्यायची पद्धत आहे, पुरुष एकटा शास्त्रज्ञ मॅक्सवेल, त्याच्या नावाचा पर्वत आहे. आणि एका विवराचं नाव आहे जोशी! आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी, 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या, त्यांचं. साधारण 34 किलोमीटर रुंद, पणजीहून मडगावला जाण्याएवढं. आणखी एक आहे मेधावी, ते पंडिता रमाबाईंचं.

ही विवरं काही दुर्बिणीतून दिसणार नाहीत, ढग आहेत ना. पण छोट्या दुर्बिणीतूनही कोर छान दिसते, फक्त सूर्य पूर्ण बुडाल्यावरच लावा. आणि काही महिन्यांनी संध्याकाळी चांदणी गायब झाली तर घाबरू नका, मग ती पहाटे पूर्वेला उगवते, तेव्हा मात्र हरमलच्या दर्याकडे नाही, उलट्या बाजूला डोंगराकडे बघायचं.