सर्किट बोर्ड केसिंगमध्ये बसत नसेल, तर आधी बदलांची नोंद तपासा

आपण लिहिले आहे की स्क्रूची भोके नीट जुळतात, पण यूएसबी-सी केबल पूर्ण आत जात नाही आणि मेकॅनिकल व इलेक्ट्रिकल दोन्ही बाजूंचे डिझायनर ‘आमच्या मॉडेलमध्ये सगळे बरोबर आहे’ असे सांगतात. हे दुखणे माझ्या चांगल्याच परिचयाचे आहे. बहुधा दोघेही खरेच बोलत असतील. फक्त त्यांच्याकडची मॉडेल्स वेगवेगळ्या तारखांची असतील.

आमचे लेआउटचे, म्हणजे बोर्डावर भाग आणि जोडण्या मांडण्याचे, काम बाहेरच्या एका कंपनीकडे होते. प्रत्येक फेरीत ती संपूर्ण बोर्डाची नवी स्टेप फाइल (त्रिमितीय मॉडेलची फाइल) पाठवी आणि काय हलले याची यादी मागितली की ‘फाइल उघडून पाहा’ एवढेच उत्तर येई. राउटिंगला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या जोडरेषांना, जागा हवी म्हणून त्यांनी कनेक्टर ०.८ मिमी आत सरकवला. शेकडो भागांच्या गर्दीत एवढा फरक नजरेला दिसत नाही, आणि तोवर केसिंगचा साचाही तयार झाला होता. प्लगचे प्लास्टिकचे आवरण केसिंगच्या भिंतीला टेकू लागले, प्लग पुरता बसेना आणि केबल जराशी हलली तरी चार्जिंग तुटू लागले. तक्रारीवर ‘बदल पाठवलेल्या फाइलमध्ये होताच’ असे लेखी उत्तर मिळाले. फाइलमध्ये असणे म्हणजे कळवणे नव्हे, हे माझे मत आजही ठाम आहे. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाची माहिती देण्याघेण्यासाठी आयडीएफ आणि आयडीएक्स असे दोन फाइल-प्रकार वापरतात. आयडीएफ फाइल दर वेळी संपूर्ण बोर्डाची स्थिती देते आणि भाग सरळ भिंतींच्या ठोकळ्यांसारखे दाखवते, त्यामुळे अडचणीच्या जागी तपासणीसाठी स्टेप मॉडेल लागतेच. आयडीएक्समध्ये मात्र एकदा मूळ स्थिती दोघांनी मान्य केली की पुढे फक्त बदलांची देवाणघेवाण होते, आणि समोरच्याला प्रत्येक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. आपल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत ही सोय किती चांगली चालते, ते आपणच पडताळून घ्यावे. ती नसेल तर साधा तक्ताही चालेल, पण बोर्डाची बाह्यरेषा, स्क्रूची भोके आणि बाहेर उघडणारे कनेक्टर यांची जागा मेकॅनिकल डिझायनरच्या संमतीशिवाय हलणार नाही, असे कामाच्या करारातच लिहून घ्यावे. हे तोंडी ठरवण्यात अर्थ नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. स्क्रूच्या भोकाभोवती मोकळी जागा सोडताना भोकाचा नव्हे, तर स्क्रूच्या डोक्याचा आणि वॉशरचा व्यास धरावा. सिरॅमिक कपॅसिटर तर त्याहूनही दूर ठेवावेत, कारण स्क्रू आवळताना बोर्ड वाकला की त्यांना तडा जातो, आणि तो बाहेरून बहुतेक वेळा दिसत नाही.