लिहिण्यासाठी पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरकडच्या आडगावात राहायला जावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की शहरात एकांत मिळत नाही, म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या लांबच्या गावात दोन वर्षं राहून कादंबरी पुरी करायची आहे. मी सात वर्षांपूर्वी हेच केलं. मंगळवेढा तालुक्यात, ज्वारीच्या रानाला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. एकटीच. त्यामुळे अनुभवाचं तेवढं सांगते.

एकांतासाठी येणार असाल तर येऊ नका. गावात एकट्या बाईला एकांत मिळत नाही. मी दुपारी दार लावून लिहायला बसले की शेजारच्या आजी कडी वाजवायच्या, "दार लावून काय करालीस गं? बरं न्हाय व्हय?" दिवसा बंद असलेलं दार म्हणजे आजारपण नाहीतर भांडण. पहिले चार महिने मला याचा फार त्रास झाला, एकदा तर सामान बांधलंही होतं. मग लिहिण्याची वेळ बदलली. पहाटे चारला उठते. सहाला मुक्कामी एसटी सुटते, तोवर दोन पानं झालेली असतात. साडेसातला दार उघडते ते रात्रीपर्यंत उघडंच.

इथं मिळालं ते दुसरंच. आमच्याकडची मालदांडी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. पुढं पाऊस नसला तरी काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. पहिल्या वर्षी मी आजींबरोबर काढणीला गेले. ज्वारीचं ताट विळ्यानं कापायचं नसतं, मुळासकट उपटायचं. तासाभरात माझ्या तळहातांना फोड आले. आजींनी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "नुसतं वडू नकोस. बुडाशी धरून आधी पीळ दे, मग माती सोडती." तसं केलं तर खरंच भेगाळलेल्या रानातून ताट अलगद सुटून हातात आलं.

दुपारी भाकरी खाताना त्या बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलल्या. नवीन लग्न झालेलं, अंगावर पिणारं पोर, आणि सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोराला खडीच्या ढिगाच्या सावलीला निजवायच्या. "सावली बी तापायची," म्हणाल्या, आणि चटणीला बोट लावून गप्प झाल्या. कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी न्यायच्या, सासूसाठी.

माझ्या कादंबरीत १९७२ च्या दुष्काळाचं प्रकरण होतं. सोलापूरच्या वाचनालयात बसून, जुनी कात्रणं वाचून लिहिलेलं. त्यातली माहिती बरोबर होती, पण बायकांच्या तोंडी मी 'मदतकार्य' हा कागदी शब्द घातला होता. घरी येऊन ती चाळीस पानं बाजूला काढली आणि नव्यानं लिहायला सात महिने लागले. मला पुण्यात बसून ते लिहिता आलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता पैशाचं. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा १,००० प्रतींची, कधी त्याहूनही कमी असते आणि मानधन साधारण दहा टक्के. म्हणजे ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या हजारही प्रती खपल्या तरी हातात ३०,०००, आणि त्या खपायला वर्षं जातात. मी अनुवाद आणि मुद्रितशोधन करून घर चालवते. त्यातही एकानं चौदा महिने पैसे अडकवले, तेव्हा किराणा उधारीवर आणला. घरबसल्या करता येईल असं एखादं काम हातात असल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवा.

घर बघायला हुरड्याच्या दिवसांत येऊ नका. तेव्हा कुठलंही गाव आवडतं. मे महिन्यात या, पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा, आणि पंधरा दिवस राहून बघा. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, संडास घरात आहे की लांब, फोनला रेंज कुठं मिळते (मला माळावर चढून जावं लागतं), हे घरमालकाला विचारा. शेजारी कोण राहतं हे तर सगळ्यात आधी विचारा. आजी आता रानात जात नाहीत. संध्याकाळी माझ्या उंबऱ्यात शेंगा फोडत बसतात आणि मी पहाटे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. परवा मध्येच थांबवून म्हणाल्या, "ही बाई अशी बोलायची न्हाय." रात्री ते पान पुन्हा लिहिलं.