हद्दवाढ, ग्रामसभेचा ठराव आणि कात्रणातला एक शब्द

प्रश्न : मी थेट निवडून आलेली सरपंच आहे. आमचे गाव शेजारच्या नगरपरिषदेत घालण्याचा घाट घातला जात आहे. पुढच्या अधिवेशनात त्यासाठी कायदाच येणार, असे तालुक्यात बोलतात. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला, पण पंचायत समितीतले साहेब म्हणाले, अशा ठरावाला काही अर्थ नसतो. आम्हाला न विचारता केलेल्या कायद्याला हायकोर्टात आव्हान देता येईल का? विधान परिषदेत आमचे म्हणून आमदार असतात, ते काय करतात?

उत्तर : सरपंचताई, तुमच्या पत्रापेक्षा त्याला टाचलेल्या कात्रणाने मला जास्त सांगितले. त्यात ‘विधेयक’ हा शब्द कुठेच नाही. ‘उद्घोषणा’ (सरकारचा इरादा जाहीर करणारी सूचना) आहे, जिल्हाधिकारी आहेत आणि हरकतींची मुदत आहे. म्हणजे नवा कायदा येत नाही; १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली सरकार तुमची हद्द बदलायला निघाले आहे. हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे.

कायदाच आला असता तर तुम्हाला विचारलेच पाहिजे, असे राज्यघटना म्हणत नाही. स्थानिक शासन हा राज्यसूचीतला पाचवा विषय, त्यावर कायदा करण्याचा अधिकार विधानमंडळाचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना मुदत दिली, निवडणुका दिल्या, आरक्षण दिले. पण अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांचे अधिकार द्यायचे की नाही, हे राज्यावर सोडले. ‘न विचारता कायदा केला’ एवढ्याच मुद्द्यावर तो रद्द होत नाही. तुमचेच पद घ्या. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला, आणि ग्रामपंचायतींची संमती घेण्याचे बंधन तिन्ही वेळा कोणावरच नव्हते.

विधान परिषदेबद्दल तुमचा गैरसमज आहे, आणि तो बऱ्याच सरपंचांचा असतो. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून येतात, पण तिथे मतदान करतात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समितीचे सभापती. ग्रामपंचायत सदस्याला मत नाही. कर्नाटकात आहे, आपल्याकडे नाही. (मतदारांना सहलीला नेण्याची जी प्रथा या निवडणुकीला चिकटली आहे, ती पाहता तुम्ही फार काही गमावले असेही नाही.) शिवाय २०२२ पासून ठिकठिकाणी प्रशासक बसले, मतदारच उरले नाहीत, म्हणून यातल्या कित्येक जागा रिकाम्या पडल्या. आणि सगळ्या जागा भरल्या तरी परिषद साधे विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर एक महिना, एवढेच अडवू शकते. तेव्हा त्या आमदारांना भेटा जरूर, पण गावाचे भवितव्य त्यांच्या हवाली करू नका.

आता तुमच्या हातात जे आहे ते. १९८९ मध्ये कल्याण महापालिकेच्या स्थापनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी स्थापना हे कायदा करण्यासारखेच काम आहे, प्रत्येकाला बोलावून ऐकणे बंधनकारक नाही. अधिनियमात जेवढी प्रक्रिया लिहिली आहे तेवढी मात्र पाळलीच पाहिजे. त्याआधी १९८७ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने गावकऱ्यांना म्हणणे मांडू द्या, असे म्हटले होते. तुमचा वकील हा हिमाचलचा निकाल पुढे करील, सरकारी वकील कल्याणचा. म्हणून मी सगळा भार लिहिलेल्या प्रक्रियेवर टाकीन. उद्घोषणा, हरकतींची मुदत, आलेल्या हरकतींचा विचार. शिवाय ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ मध्ये गावाच्या क्षेत्रात फेरफार करताना जिल्हा परिषदेची स्थायी समिती आणि संबंधित पंचायत यांच्याशी विचारविनिमयाची अट आहे. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, पण नुसता जावक क्रमांकही नव्हे.

तेव्हा साहेबांचे म्हणणे अर्धे खरे. ठरावाने सरकार बांधले जात नाही. पण पंचायतीचे म्हणणे काय होते, हे उद्या न्यायालयात दाखवायला तुमच्याकडे दुसरा कागद कोणता आहे?

अडचण अशी की तुमचा ठराव मी वाचला. नऊ ओळींत तीनदा ‘तीव्र निषेध’ आहे आणि कारण एकही नाही. ‘तीव्र निषेध’ वाचून कोणताही अवर सचिव ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून मोकळा होतो. पुन्हा ग्रामसभा घ्या, गणपूर्ती होऊ द्या (मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत कमी असेल ती संख्या) आणि हजेरीवर सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्या. मग आकडे लिहा. किती कुटुंबे शेतीवर आहेत, रोजगार हमीवर गेल्या वर्षी किती जण होते आणि गाव शहरात गेल्यावर त्यांच्या कामाचे काय होईल, नळयोजना कोण चालवतो, नगरपरिषदेच्या दराने घरपट्टी किती होईल. सरकारला उत्तर द्यावे लागते ते आकड्यांना.

तुमचे गाव अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात असते तर तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे उत्तर वेगळे झाले असते. पत्रातल्या तालुक्यावरून ते तसे दिसत नाही.

हायकोर्टात आज जाऊ नका. हरकती न ऐकता किंवा मुदतीआधी अंतिम अधिसूचना निघाली, तर त्या दिवशी जाऊ. तोवर ठराव आणि हरकत जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्क्यासह पोच घ्या. मूळ ठरावबुक दप्तरातून हलवू नका, साक्षांकित नक्कल जोडा.

आणि एक, कात्रण कापताना वरची तारीख कात्रीखाली गेली आहे. राजपत्राची प्रत आजच मिळवा आणि मुदतीचे किती दिवस उरले ते मोजा.