व्हेनिस ते कोतोर शिडाच्या जहाजाने: आधी जहाज ठरवा, बंदरे नंतर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की येत्या सप्टेंबरात बडोद्याहून आपण उभयता आणि 74 वर्षांच्या, गुडघेदुखी असलेल्या सासूबाई अशा तिघांना व्हेनिसहून क्रोएशियातील दुब्रोव्हनिकमार्गे मॉन्टेनेग्रोतील कोतोरपर्यंत उंच डोलकाठ्यांच्या जहाजाने आठवडाभर जायचे आहे. तर शिडे खरोखर उभारतात की ती शोभेपुरती असतात, सासूबाईंना हे झेपेल का आणि शाकाहाराची सोय होते का.

बंदरांची यादी तूर्त बाजूला ठेवून आधी जहाजाचा प्रकार ठरवावा, असे माझे मत आहे. 1914 साली बांधलेल्या आणि नॉर्वेतील बर्गेन येथे असणाऱ्या ‘स्टाट्सराद लेमकुल’सारख्या प्रशिक्षण-जहाजावर पैसे भरूनही आपण खलाशीच असता, झोपायला टांगलेली झोळी मिळते, पहाऱ्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि मध्यरात्री हाक आली की दोर ओढायला डेकवर जावे लागते. ‘स्टार फ्लायर’ (1991) किंवा पाच डोलकाठ्यांचे ‘रॉयल क्लिपर’ (2000) यांवर मात्र आपण पाहुणे असता, स्वतंत्र खोली मिळते, जेवण वाढणारे असतात आणि दोराला हात लावायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग राहतो. सासूबाई बरोबर असताना पहिल्या प्रकाराचा विचारच नको.

शिडे खरोखर उभारतात, पण इंजिनही असते आणि बंदरात शिरताना, वारा पडल्यावर किंवा वेळ गाठायची असल्यास तेच चालते. इंजिन किती चालणार, हे बरेचसे प्रवासाच्या दिशेवर ठरते आणि माहितीपत्रकात हे सहसा कोणी सांगत नाही. एड्रियाटिक समुद्रात, म्हणजे इटली आणि क्रोएशिया यांच्यामधल्या समुद्रात, उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून ‘मेस्त्राल’ नावाचा सौम्य वारा सुटतो. व्हेनिसहून दुब्रोव्हनिककडे जाताना आपण आग्नेयेला चाललेले असता, म्हणजे हा वारा पाठीशी मिळतो. उलट मार्गाने आल्यास तोच वारा तोंडावर येतो, आणि ज्या जहाजाच्या डोलकाठ्यांवर आडव्या वाशांना चौकोनी शिडे बांधलेली असतात त्याला तोंडावरच्या वाऱ्यात फारसे पुढे सरकता येत नाही, म्हणून इंजिन घरघरत राहते. त्यामुळे आपण निवडलेली दिशा उत्तम आहे, ती स्वस्त तिकिटासाठी उलटी करू नये. इंजिन बंद झाले की पायाखालची थरथर थांबते, डेक एका अंगाला कलतो आणि टेबलावरचा पेला हळूच त्या बाजूला सरकू लागतो. यासाठीच तर आपण एवढा खर्च करणार आहात.

वाऱ्याची ही जाण त्या किनाऱ्यावरच्या गावांच्या बांधणीतही दिसते. क्रोएशियातील कोर्चुला गावाच्या पश्चिमेकडील गल्ल्या मेस्त्राल आत यावा म्हणून सरळ ठेवल्या आहेत, तर पूर्वेकडील गल्ल्यांना ‘बोरा’ हा डोंगरावरून कोसळणारा गार वारा अडावा म्हणून बाक दिला आहे. ह्वार गावात जुन्या आरमारी गोदीच्या इमारतीवर 1612 साली नाट्यगृह उभे राहिले, आणि नाटकवेड्या बडोदेकराने तरी ते चुकवू नये. दुब्रोव्हनिकचा तट सुमारे 1,940 मीटर लांबीचा असून 1377 साली याच नगरराज्याने रोगट प्रदेशांतून येणाऱ्यांना शहरात शिरण्यापूर्वी महिनाभर वेगळे ठेवण्याचा नियम केला होता. वारा फिरला तर यांपैकी एखादे बंदर कप्तान वगळूही शकतो. तो अधिकार त्याचाच असतो आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

सासूबाईंची खरी अडचण जहाजावर नसून उतरताना येते. जिन्याच्या पायऱ्या उभ्या असतात आणि लिफ्टवर विसंबू नये. परंतु त्याहून कठीण असते ते जहाज बंदराबाहेर नांगरलेले असताना हलत्या छोट्या होडीत पाऊल टाकणे. प्रत्येक थांब्यावर जहाज धक्क्याला लागणार की होडीने जावे लागणार, हे कंपनीकडून लेखी मागवावे. कोतोरच्या किल्ल्याच्या सुमारे 1,350 पायऱ्या त्यांना अर्थातच नकोत, मात्र कोतोरच्या आखातात शिरतानाची अरुंद वेरिगे सामुद्रधुनी त्यांना डेकवर खुर्चीत बसूनही पाहता येईल.

शाकाहार आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावा; अंडे आणि मासळी चालत नाही हेही स्पष्ट लिहावे, कारण तिकडे मासळी खाणाऱ्यालाही कधीकधी शाकाहारी समजतात. पोट कसे वागते याची चाचणी घ्यायची असल्यास गुजरातमधल्या हजीरा–घोघा फेरीबोटीने एकदा जाऊन यावे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून मळमळ सुरू होण्यापूर्वीच घ्यायची असते.

व्हिसाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. इटली शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशियाही आहे, परंतु कोतोर ज्या मॉन्टेनेग्रोत येते तो देश त्याबाहेर आहे. म्हणजे कोतोरला गेल्यावर आपण शेंगेनमधून बाहेर पडलेले असता आणि शेंगेनमधल्या एखाद्या शहरातून परतीचे विमान घ्यायचे असल्यास पुन्हा आत यावे लागते. त्यासाठी एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो, तेव्हा अर्जात तसे नमूद करून जहाजाचा छापील कार्यक्रम आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सोबत जोडावा. अर्ज प्रवासापूर्वी 6 महिन्यांपर्यंत करता येतो, आणि उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर भरतात म्हणून मार्च-एप्रिलमध्येच कागदपत्रे तयार ठेवावीत.